पलंग, बाक आणि मगदूम सिस्टर

मगदूम सिस्टर आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या दिवशी त्यांनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला आणि आमच्या कपाटाच्या छातीला लावला.

"श्वास धरा जरा," त्या म्हणाल्या. माझ्या बायकोने, शैलाने, बिचारीने खरंच श्वास धरला. सिस्टरनी डोळे मिटून आधी डावं दार ऐकलं, मग उजवं, मग कपाटामागे हात घालून पाठ ऐकली. शेवटी कानातल्या नळ्या काढत म्हणाल्या, "किडा हाय. खालच्या फळीत. करकर करकर जेवाण चाललंय त्याचं. बरं झालं येळेवर बोलावलासा."

आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं. त्या विरजण मागायला आल्या होत्या.

समोरच्याच घरात त्या एकट्या राहतात. मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी अतिदक्षता विभागात. लग्न केलं नाही. शैलाने एकदा धीर करून कारण विचारलं, तर म्हणाल्या, "नाईट ड्युटी हुती." तेवढ्यावर तो विषय संपला. मी मिरजेच्याच एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो, म्हणून त्यांच्या लेखी मी 'मास्तर' आणि शैला 'वैनी'.

नोकरी संपली तरी पेशंट तपासायचा हात थोडाच स्वस्थ बसतो? माणसं तपासायला मिळेनात, म्हणून सिस्टर फर्निचरकडे वळल्या. सांगलीत पूर ओसरला की लोक फुगलेली कपाटं आणि पाय सुटलेली टेबलं रस्त्यावर आणून टाकतात. सिस्टर टेम्पो घेऊन जातात आणि त्यातली जगण्यासारखी असतील तेवढी उचलून आणतात. त्याला त्या 'ॲडमिट करणं' म्हणतात. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा वॉर्ड आहे. तिथे खुर्च्या उताण्या पडलेल्या असतात, टेबलांच्या पायांना सुतळीचं बँडेज असतं, आणि प्रत्येकाच्या अंगावर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलेला केसपेपर टाचलेला असतो. 'नाव: शोकेस. वय: चाळीसच्या पुढे. तक्रार: उजवा पाय डुगडुगतो. उपचार: दोन स्क्रू, फेविकॉल, पूर्ण विश्रांती.' मी एकदा चुकून एका शोकेसला टेकलो तर मला ओरडल्या, "मास्तर, भेटायची येळ चार ते सहा!"

आता गंमत अशी की पेशंट कुठलाही असो, पलंग असो की टीव्हीचं कपाट, बरा होऊन बाहेर पडताना त्याचं एकच रूप झालेलं असतं. दारातला बाक. वर बसायला फळी, खाली चपलांना खण, बाजूला किल्ल्या, पिशवी आणि छत्री अडकवायला खुंट्या. सिस्टरना घरातल्या इतर कशात रस नाही. तुमचं स्वयंपाकघर सोन्याचं असलं तरी त्या तिकडे बघणार नाहीत. त्यांचं सगळं लक्ष उंबऱ्यावर.

"माणूस दारात आला की एका पायावर नाचतंय बगा," त्या सांगतात. "एक हात भिताडाला, दुसऱ्या हातात पिशवी, आणि बुटाची लेस सोडतंय. असं नाचत घरात शिरलेलं माणूस धड बोलंल का? त्याला आदी टेकू द्या."

आमच्या गल्लीत त्यामुळे प्रत्येक दारात एकेक बाक झालाय. कुणी मागितला नव्हता. सकाळी दूध घ्यायला दार उघडावं तर बाहेर बाक उभा, आणि त्याच्या गळ्यात डिस्चार्ज कार्ड: 'पथ्य: ओलं फडकं वर्ज्य. पुन्हा दाखवणे: पावसाळ्याआधी.' एका घरात दोन बाक झाले, कारण सिस्टरना वाटलं की पहिला तिथे रुळला नाही.

आणि हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. आपल्याकडे कुठल्याही लाकडात चपला ठेवता येत नाहीत. सिस्टर म्हणूनच प्रत्येक वस्तूचा पूर्वेतिहास घेतात. तो घेताना त्यांचा चेहरा असा गंभीर असतो की सांगणाऱ्याला घाम फुटतो.

"ह्यात काय ठेवत हुता?"

"वह्यापुस्तकं."

"मग सरस्वती झाली. चपला चालायच्या न्हाईत. पुढचं?"

धान्याची पेटी आली तर तिच्यात अन्नपूर्णा. दुकानातला गल्ला आला तर लक्ष्मी. पाळण्याचं तर नावच काढायचं नाही. एका सतार करणाऱ्या कारागिराने त्याचं कामाचं जुनं टेबल मोठ्या प्रेमाने दिलं, तर सिस्टरनी ते हात जोडून परत पाठवलं. आमच्या शैलाच्या शिवणयंत्राचं टेबल त्यांना फार आवडलं होतं. सगळी तपासणी झाली, करवत हातात घेतली, आणि ऐनवेळी शैला बोलून गेली की दर खंडेनवमीला ती त्याला हळदीकुंकू लावते. सिस्टर करवत खाली ठेवून माझ्याकडे वळल्या. "बगा मास्तर. शेवटच्या मिनिटाला सांगत्यात. पेशंटची माणसं अशीच असत्यात." ते टेबल शेवटी नुसतं छत्र्या आणि किल्ल्यांसाठी पास झालं.

दसऱ्याला ज्याला एकदाही हळदीकुंकू लागलेलं नाही असं लाकूड आमच्या भागात सापडणं किती अवघड आहे, ते मला सिस्टरमुळे कळलं.

पण सिस्टरच्या मनात खरा बाक एकच होता, आणि तो गल्लीतला नव्हता. त्यांना तो त्यांच्या जुन्या वॉर्डाच्या दारात बसवायचा होता. अतिदक्षता विभागाच्या दारात चपला काढून आत जावं लागतं, आणि बाहेर नातेवाईक उभे असतात. खुर्च्या आहेत, पण लांब, जिन्याच्या पलीकडे, आणि तिथून दार दिसत नाही. म्हणून माणसं तिथे बसतच नाहीत. दाराशी चपलांच्या ढिगात उभी राहतात. सिस्टर दर सोमवारी अर्ज घेऊन जायच्या. दवाखान्याचं उत्तर ठरलेलं, पॅसेजमध्ये फर्निचर ठेवता येत नाही. सिस्टर अर्जाची भाषा तेवढी बदलायच्या. एका अर्जात त्यांनी बाकाला 'उपकरण' म्हटलं होतं.

शेवटी यश आलं ते नवीन मेट्रनमुळे. या बाई कधीकाळी सिस्टरच्या हाताखाली शिकलेल्या आणि अजूनही त्यांना बघितलं की नकळत ताठ उभ्या राहणाऱ्या. त्यांनी दोन महिन्यांची परवानगी दिली. अटी अशा: बाक पाच फुटांहून लांब नको, स्ट्रेचरला अडथळा नको, आणि एक जरी तक्रार आली तरी बाक त्याच दिवशी बाहेर.

सिस्टर आमच्याकडे धावत आल्या. धावत म्हणजे खरंच धावत, सहासष्टाव्या वर्षी. "वैनी, मला लाकूड पायजे. सागवानी. आणि बिनदेवाचं!"

आमचा पलंग माळ्यावर पडून होता. आमच्या लग्नातला. उशाकडच्या फळीला कोरीव कमान, कमानीत मधोमध कमळ, दोन्ही बाजूंना दोन मोर. माझी कंबर धरायला लागली तेव्हा आम्ही नवीन पलंग घेतला, आणि हा वर गेला. सिस्टरनी शिडीवर चढून जागच्या जागी चौकशी चालू केली.

"यावर कोण झोपलंय?"

"आम्ही दोघं."

"बाळातपण?"

"दवाखान्यात झालं."

"कुणी गेलं यावर?"

"नाही."

"हळदीकुंकू? खरं सांगा वैनी."

"पलंगाला कोण लावतं हो?" शैला म्हणाली.

"क्लीन केस!" सिस्टर ओरडल्या आणि त्यांनी पलंगाच्या पायावर थाप मारली.

पुढचे पंधरा दिवस शेडमधून करवतीचा आवाज आणि सिस्टरचं गुणगुणणं एकत्र ऐकू येत होतं. उशाकडच्या कमानीची झाली पाठ, बाजूच्या फळ्यांची बैठक, आणि पायथ्याच्या लाकडातून निघाले चपलांचे बारा खण. मी एकदा पॉलिश पेपर धरून बसलो होतो तेव्हा सहज विचारलं, की बाकी सगळं ठीक, पण त्याच दाराचा एवढा ध्यास कशासाठी?

सिस्टरचा हात लाकडावर फिरत राहिला. "आटपाडीकडची एक बाई हुती," त्या म्हणाल्या. "नवरा आत. नऊ दिवस ती दारात उभी. धाव्या दिवशी मी भाईर आले आणि सांगितलं तिला, दारातच. ती रडली न्हाई. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. टेकायला कायतर शोधत हुती. मग चपला हुडकाय लागली, त्या ढिगात सापडंनात. अनवाणीच गेली, मास्तर. मे महिना हुता." त्यांनी भुसा फुंकला. "आणि मी आत गेले. चार नंबरचं सलाईन संपत आलतं. मी तिला नुसतं बसवलंसुद्धा न्हाई वो."

मी पेपर घासत राहिलो.

बाक फार देखणा झाला. फक्त एक गोष्ट सिस्टरनी केली, आणि त्या एका गोष्टीने सगळा घोटाळा झाला. दवाखान्यात दिवसातून तीनदा फरशी पुसतात, लाकडाला पाणी लागणार, म्हणून त्यांनी गेटाला लावून उरलेला लाल ऑक्साईडचा रंग बाकाला खालपासून वरपर्यंत फासला. दोन हात. कमळालासुद्धा. मोरांनासुद्धा.

सोमवारी बाक दारात बसला. मंगळवारी कुणीतरी कमळावर एक जास्वंदीचं फूल ठेवलं.

बुधवारी तिथे उदबत्ती होती.

तुम्हीच विचार करा. अतिदक्षता विभागाचं दार. आत आपलं माणूस. आणि समोर शेंदरी रंगाची कोरीव कमान, तिच्यात कमळ, खाली छोटे छोटे कोनाडे. माणूस काय करेल? बसेल? त्यात चपला घालेल? हात जोडेल! आणि झालंही तसंच. बाराच्या बारा खणांत पणत्या, नारळ आणि खडीसाखरेच्या पुड्या. चपला पहिल्यापेक्षा लांब, कारण आता देवासमोर चपला कशा काढायच्या? लोक उभेच, वर आता हात जोडून उभे. त्यातच एका पेशंटला आतून साध्या वॉर्डात हलवलं, आणि दारातला देव नवसाला पावतो ही बातमी तासगावपर्यंत गेली. देवाला नावही मिळालं होतं. दारोबा.

मी शैलाला घेऊन बघायला गेलो. ज्या पलंगावर मी तीस वर्षं घोरलो, त्याच्यासमोर एक गृहस्थ साष्टांग दंडवत घालत होते. शैला बराच वेळ बघत उभी राहिली आणि मग माझ्या कानाशी म्हणाली, "एवढी वर्षं मी यावर झोपले, मला काही पावला नाही तो."

सिस्टरचा संताप मात्र बघवत नव्हता. "आवं टेकायला केलाय, पुजायला न्हाई!" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. त्यांनी पाटी लावली: 'हा बाक आहे. देव नाही. कृपया बसा.' दुसऱ्या दिवशी पाटीला हार. मग त्यांनी एका दुपारी ब्रश आणून सगळ्या बाकाला तपकिरी रंग दिला. त्यावर म्हसवडकडच्या एका आजीने हंबरडा फोडला, की कुणा पाप्यानं देवाचा शेंदूर खरवडला. आणि संध्याकाळपर्यंत त्या आजीच्या नातेवाइकांनी पाव किलो शेंदूर आणून कमळ होतं त्याहून लाल केलं.

आता मात्र मेट्रनचा निरोप आला. उदबत्तीचा धूर आत पेशंटपर्यंत जातोय. डॉक्टरांची तक्रार आहे. आठ दिवसांची मुदत देते, तीही तुम्ही आहात म्हणून. नाहीतर बाक भंगारात.

सिस्टर त्या दिवशी आमच्याकडे आल्या आणि चहाचा कप नुसता हातात धरून बसल्या. मी त्यांना एवढं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी आपलं म्हणालो, "सिस्टर, कमान कापून टाकली तर?"

"कशाला? मग तुटका देव म्हणून पुजतील." त्यांनी कप खाली ठेवला. आणि त्या एकदम उठल्या. "मास्तर, बाक हाय हे सांगून कसं कळंल? कुणीतरी बसाय पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर दवाखान्यात गेल्या. पणत्या आणि नारळ गोळा करून मेट्रनच्या टेबलावर ठेवले, आपल्या चपला पहिल्या खणात घातल्या आणि बाकावर जाऊन बसल्या. पाठ कमळाला टेकवून. जमलेल्या लोकांनी एकच गिल्ला केला.

"आवं आजी! देवावर बसलाय तुमी! उठा उठा!"

"देव न्हवं ह्यो, मास्तरांचा पलंग हाय," सिस्टर म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

पहिले दोन दिवस लोक त्यांच्याकडे भीतीने बघत होते. यांना आता काहीतरी होणार, अशी सगळ्यांची खात्री होती. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी एका दमलेल्या म्हाताऱ्याने देवाची मनातल्या मनात माफी मागून कडेला बूड टेकलं. त्यालाही काही झालं नाही. त्याच्या शेजारी त्याची सून बसली. चौथ्या दिवशी दुसऱ्या खणात चपला आल्या, मग तिसऱ्या. आठवडा संपायच्या आत दारोबाचा बाक झाला. मेट्रननी स्वतः फोन करून सांगितलं की बाक आता कायमचा राहील.

गल्लीत आम्ही पेढे वाटले. मला वाटलं, आता सिस्टर पुन्हा शेडमध्ये दिसतील. विश्रामबागेतल्या एका घरातून सागवानी शोकेस येऊन पडली होती. पण शेडला कुलूप. रोज दुपारी त्या रिक्षाने जायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. शेवटी 'बाक कधी होणार?' म्हणून शोकेसवाल्यांचे तीन फोन माझ्याकडे आले तेव्हा मी एका संध्याकाळी दवाखान्यात गेलो.

बाक भरलेला होता. सिस्टर मधे बसल्या होत्या. मी चपला काढून ठेवायला गेलो तर बाराही खण भरलेले. म्हणून मी आपला कडेला उभा राहिलो. टोकाला बसलेल्या एका बाईने मला विचारलं, "तुमचं कोण हाय आत?"

"कोणी नाही. मी यांना न्यायला आलोय." मी सिस्टरकडे बोट दाखवलं.

त्या बाई उठून माझ्याजवळ आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "बरं झालं बाई, कोणतर आलासा. आमी म्हणत हुतो, ह्यांचं कोण हाय का न्हाई? ह्यांचं पेशंट लय सीरियस दिसतंय. इचारलं तर सांगत न्हाईत. कवाधरनं येऊन बसत्यात, एकट्याच. डबा बी कोण आणत न्हाई. मग मीच आणते भाकरी. माजं मालक आत हायत, त्यास्नी नळीनंच जातंय सगळं. माजं हात रिकामंच हायत."

तेवढ्यात खिडकीतलं ऊन उतरलेलं बघून त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि घाईघाईने सिस्टरपुढे धरला. "खावा लवकर, दिस बुडायच्या आत. दोडका केलाय. कांदा न्हाई, लसूण न्हाई."

सिस्टर जैन आहेत. कांदालसूण खात नाहीत आणि सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. नवरा आत मरणाच्या दारात असलेल्या या बाईने, दवाखान्याशेजारच्या धर्मशाळेच्या चुलीवर, त्यांच्यासाठी बिनलसणाची भाजी वेगळी केली होती. सिस्टरनी भाकरी मोडली. घास घेण्याआधी त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि मला कळलं की मी इथे काही बोलायचं नाही.

येताना रिक्षात मी म्हणालो, "सिस्टर, आत तुमचं कोणी नाही, हे त्यांना सांगितलं का नाहीत?"

"सांगणारच हुते. पयल्याच दिवशी." त्या बाहेर बघत होत्या. "पन तिनं भाकरी पुढं केली. मास्तर, मला आयतं जेवाण कुणी पुढं ठेवल्याला किती वर्षं झाली, मलाच आठवंना. मग तोंडातनं शब्दच फुटला न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तिचं मालक सुधारलेत. चार दिवसांत हलवतील भाईर. मी केसपेपर बघून आले. लय चांगलं झालं."

त्या खरंच आनंदाने बोलत होत्या. आणि मी त्यांच्या शेजारी बसून हिशेबात गुंतलो होतो, की त्या आमच्यासमोर राहायला आल्याला किती वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत आम्ही त्यांना किती कप चहा पाजला, आणि जेवायला एकदाही कसं बोलावलं नाही. त्यांची जेवायची वेळ वेगळी, त्यांचं खाणं वेगळं, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

घरी आल्यावर मी शैलाला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, ती चिरत राहिली. मग सुरी खाली ठेवून तिने विचारलं, "अहो, लसूण न घालता दोडक्याला फोडणी कशाची देतात?"